पायरीवरचा ध

नाताळचं जेवण अंगावर आलंय. नव्या घराच्या पडवीत गोधडी टाकून शांतवन ओहोळ कलंडला आहे. डोक्यावरची कागदी चांदणी वाऱ्याने गरगर फिरते, थांबते, पुन्हा उलटी फिरते. उशाशी दाराची पायरी, आणि हाताशी वाटीभर कालवलेलं सिमेंट.

"आबा, झोपू नका हं," आतून सून म्हणते. करुणा तिचं नाव. "वाटीतलं आळलं की फुकट जाईल. पाळकसाहेब चारला येतायत घराच्या प्रार्थनेला. त्यांनी काय चुकीचं अक्षर वाचत आत यायचं?"

"बुजवतो."

"सकाळपासून बुजवताय."

"अक्षर आहे ते, कोंबडं नाही. पळून जात नाही कुठं."

करुणा हसते. तिला वाटतं, म्हातारा आळस करतोय. ती शाळेत शिकवते, म्हणून पायरीवरची चूक पहिल्यांदा तिच्याच डोळ्याला टोचली. कोबा ओला होता तेव्हा शांतवनने खिळ्याने कोरलं होतं, 'ओहोळांचे घर'. म्हणजे त्याला तसं वाटलं. कोरून झालं होतं 'ओहोळांचे धर'.

चाळीस वर्षं त्याने गवंडीकाम केलं. लोकांची घरं उभी केली आणि स्वतः मिशनच्या आवारातल्या एका खोलीत राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा होईपर्यंत कागद पुढे आला की तो अंगठा पुढे करायचा. मग त्याच्या बायकोनं, रिबकानं, घमेल्यात चाळलेली वाळू पसरून त्याला अक्षरं शिकवली. स्वतः सहावी झालेली बाई. "घ आणि ध सख्खे भाऊ दिसतात," ती म्हणायची. "पण घच्या डोक्यावर छप्पर अख्खं असतं, धचं उघडं. तुम्ही गवंडी ना? मग छप्पर उघडं ठेवू नका." त्याचं दर वेळी राहायचंच.

हे घर तिनं जोत्यापुढं पाहिलं नाही. सप्टेंबरात ती गेली.

चांदणी फिरते. तिची सळसळ आधी कागदाची असते, मग वाळू चाळल्यासारखी होते. आतली भांडी वाजायची थांबतात. शांतवनचा डोळा लागतो की लागत नाही, ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

रस्त्याने रिबका येते आहे. हातात फराळाचं ताट, त्यावर जाळीचा रुमाल. समोरच्या माळावर एकही घर नव्हतं, तिथे आता मिशनच्या आवारातली सगळी घरं ओळीनं उभी आहेत. ती एकेका दारापाशी थांबते, पाटी वाचते, मान हलवते आणि पुढे सरकते. त्याच्यापाशी येते तेव्हा परक्याला विचारावं तसं विचारते,

"दादा, इथं ओहोळांचं घर कुठलं?"

"हेच. रिबका, हेच गं."

ती वाकते. एकेका अक्षरावरून बोट फिरवते. "इथं तर धर लिहिलंय."

"चुकलं माझं."

"तुम्ही होय," ती म्हणते, आणि आता कुठे तिच्या चेहऱ्यावर ओळख येते. "मग बरोबर. असा ध दुसरं कोण काढणार."

"आत ये. करुणानं करंज्या केल्यात."

"सारण कोरडं झालं असेल."

"झालंय."

"दुधाचा हबका मारायचा ना."

"तूच सांग तिला. आत ये."

ती पायरीवर पाऊल ठेवायला जाते. पण ती पायरी नाही, लोखंडी खाटेची दांडी आहे. दवाखान्याची पांढरी चादर, औषधांचा वास, खिडकीत सकाळ. रिबका खाटेवर पडलेली आहे आणि शांतवन दाराशी उभा आहे, पायात कामावरचे बूट. हे त्याला ठाऊक आहे. हे एकदा होऊन गेलंय. आज घराचा स्लॅब आहे. तिकडे मिक्सर येऊन थांबलाय, पंधरा माणसं घमेली घेऊन उभी आहेत, आणि स्लॅब एकदा भरायला घेतला की मधेच सोडता येत नाही.

आदल्या संध्याकाळी त्याने तिला पायरीवरची चूक सांगितली होती. ती इतकी हसली होती की तिला खोकल्याची उबळ आली होती.

आता ती डोळे उघडते आणि म्हणते, "धर."

उभ्या संसारात तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. 'आवो' आणि 'तुम्ही', कडाक्याच्या भांडणातसुद्धा. म्हणून त्याला ते कळलंच नव्हतं. त्याला वाटलं, ही कालच्या अक्षरावरून चिडवतेय.

आत्ता त्याला कळतंय. पण तोंड त्याचं ऐकत नाही. ते त्या दिवशीसारखंच हसतं आणि म्हणतं, "हो गं बाई, करतो दुरुस्त." आणि बूट वळतात.

दुपारी शेवटची घमेली ओतली जात होती, तेव्हा निरोप आला होता.

तो वळून जिना चढतो, तर वर स्लॅबवर रिबकाच उभी आहे, घोट्यापर्यंत ओल्या काँक्रीटमध्ये. माणसं हातोहात घमेली देतायत. घमेल्यांत काँक्रीट नाही, चाळलेली वाळू आहे, आणि प्रत्येकात एकेक अक्षर.

"मी पाठ घेत नव्हते," ती म्हणते.

"मला वाटलं, थट्टा करतेस."

"हात बाहेर काढला होता मी. चादरीच्या बाहेर. एवढा."

"पाहिला नाही मी."

"पाहिलात. मग घड्याळ पाहिलंत."

घमेली चालूच आहेत. कुणी त्यांच्याकडे बघत नाही.

"माणसं खोळंबली होती, रिबका. पंधरा माणसं."

"हो," ती म्हणते. "मी एकटीच होते."

त्याला गुडघे टेकायचे आहेत, पण खाली ओलं आहे, आणि ओल्यात गुडघा टेकला तर खड्डा राहील. अशा वेळीसुद्धा तो गवंडीच राहतो. त्याची त्यालाच लाज वाटते.

"एकदा पुन्हा म्हण," तो म्हणतो. "तसंच म्हण, अरे-तुरे करून. आता येतो मी. सगळं टाकून येतो."

"ते एकदाच म्हणवतं, आवो. जिवावर बेतल्याशिवाय बाई तसं म्हणत नाही."

पडवी आहे. चांदणी आहे. रिबकाच्या हातात पुन्हा ताट, रुमाल नीट करत ती म्हणते, "येते मी. अजून घरं राहिलीत."

"आणि हे?"

"हे वाचलं की."

"आत नाही यायचीस?"

"दार कुठंय?"

तो मागे वळून बघतो. पायरी आहे, आणि पायरीमागे अख्खी भिंत. त्यानेच रचलेली, ओळंब्यात सरळ, एकही सांधा मोकळा नाही. तो हात फिरवून दार शोधतो. तळहाताला नुसत्या विटा लागतात. पलीकडून भांड्यांचा आवाज येतो, करुणा कुणाला तरी हाक मारते, आणि तो आपल्याच घराच्या बाहेर.

तो वळून रिबकाचा हात धरतो. हात वाळूचा आहे. करंगळी गळते, तिच्या शेजारचं बोट गळतं. तो मूठ आवळतो तसा हात आणखी भराभर सांडतो. "धर," तो स्वतःलाच म्हणतो, "धर, धर," आणि उरलेल्या एवढ्याशा जागेवर अंगठा दाबतो, सगळ्या अंगाचा भार देऊन दाबतो.

सांडायचं थांबतं. अंगठ्याखाली काहीतरी गार आहे, ओलं आहे, आणि ते जात नाही. धरली. या खेपेला धरली. तो अंगठा हलवत नाही. किती वेळ, कोण जाणे.

"आबा."

चांदणी स्थिर आहे. ऊन पडवीतून उतरलंय. शांतवन गोधडीवरून पुढे घसरून पायरीवर पालथा पडला आहे. वाटी कलंडलेली आहे आणि त्याचा उजवा अंगठा पायरीवर दाबलेला आहे.

तो अंगठा उचलतो. धच्या उघड्या डोक्यावर सिमेंट बसलंय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे त्याच्या अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ उमटलेला.

तो नख लावतो. नख घसरतं. जुन्या कोब्याने पाणी कधीच शोषून घेतलंय. छिन्नीने फोडता येईल. पण फोडलेलं छप्पर वेगळं आणि उघडं राहून गेलेलं वेगळं, हे त्याला कुणी शिकवायला नको.

"केलंत शेवटी," करुणा दारात उभी राहून म्हणते. "आणि असे पालथे का पडलात? उठा, आले ते."

मोटरसायकल फाटकाशी थांबते. आणायला गेलेल्या शांतवनच्या मुलाच्या मागून पाळकसाहेब उतरतात, पायरीपाशी येऊन चष्मा सावरतात आणि मोठ्याने वाचतात, "ओहोळांचे घर." मग म्हणतात, "छान. अगदी स्वच्छ अक्षर," आणि पायरी चढून आत जातात.

शांतवन रस्त्याकडे बघतो. माळावर एकही घर नाही. तिनं पुन्हा येऊन वाचलं, तरी आता ओळखायला काय आहे? असा घ तर कुणीही काढतं.

"आबा, आत या ना. प्रार्थना सुरू करतायत."

"करा म्हणावं तुम्ही सुरू," तो म्हणतो. "मी आहे इथं."

आत गाणं सुरू होतं. तो पायरीवर बसून अंगठ्याकडे बघतो. सिमेंट रेघांत बसलंय, वाळलंय. सही करायला शिकल्यापासून त्याने कुठेही अंगठा दिला नव्हता.