साजाच्या झाडाखालची बैठक

पद्मिनी मंडावीच्या हातून चहा उतू गेला. शेजारच्या विमलाकाकूंनी पातेलं उतरवलं.

“काहून एवढी घाबरून राहिली वं? निवडून आलेली बाई तू!”

“काकू, तिथं सगळे माह्याकडेच पाहतात.”

“मागच्या खेपेस बोलली असतीस तर आज ही पाळी आली असती का?”

पद्मिनी सांडलेला चहा पुसू लागली. काकू बरोबरच म्हणत होत्या.

रायपूर राजधानी झालं आणि भनपुरीच्या कारखान्यांकडचे ट्रक सरकत सरकत त्यांच्या वस्तीपर्यंत, गोंडपाऱ्यापर्यंत आले. ट्रकांना उभं राहायला जागा हवी होती. नगरपालिकेने शोधली ती साजाच्या झाडाखालची, पाऱ्याच्या ग्रामदैवताची, ठाकूरदेवाची. मागच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, कुणाचा विरोध आहे का? आदिवासी बाईसाठी राखीव वॉर्डातून आलेली पद्मिनी मान खाली घालून बसून राहिली. पाऱ्याच्या बैठकीत एक माणूस जरी गप्प राहिला तरी गोष्ट अडते. सगळे तोंडाने ‘हव’ म्हणेपर्यंत कुणी घरी जात नाही. तिला वाटलं, आपण अडवलं.

“सर्वसंमतीने मंजूर,” अध्यक्ष म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

आज त्यावर शेवटचा शिक्का बसायचा होता. विमलाकाकूंशिवाय पाऱ्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं, सासऱ्यांनाही नाही. चुन्याची रेघ मात्र झाडाभोवती ओढून झाली होती, आणि पोरं तिच्यावरून लंगडी घालत होती.

सभागृहात ट्रकांचा विषय निघाला तेव्हा पद्मिनीने मेजावर हात टेकला. ती उठली.

“मुझे मंजूर नहीं है.”

“दीदी, पिछली बार तो आप चुप थीं,” अध्यक्ष हसले.

“हमारे पारा में चुप माने नहीं.”

सभागृह खदखदून हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, दीदी को पानी पिलाओ!”

“अच्छा, बैठ जाइए.”

ती बसली नाही. पुढचा विषय पुकारला गेला, तरी ती उभीच. पंख्याच्या वाऱ्याने पदर उडत होता आणि तो सावरायला मेजावरचा हात उचलावा तर आपण पडू, असं तिला वाटत होतं. पुन्हा विषय पुकारला. आता कुणी हसत नव्हतं. कुणी खुर्ची सरकवली, कुणी घड्याळ पाहिलं.

“ठीक है,” अध्यक्ष वैतागून म्हणाले. “पहले जगह देखेंगे. फैसला अगली बैठक में.”

तेव्हा कुठे ती बसली.

संध्याकाळी साजाखाली तिने पाऱ्याला सगळं सांगितलं, मागच्या सभेतलं गप्प बसणंही. शेवटी म्हणाली, “ते लोक बघायला येणार आहेत. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी इथं उभं राहून त्यांना नाही म्हणायचं. म्हणाल ना?”

सासरे गंगाधर चुन्याच्या रेघेकडे पाहत राहिले. बाया पाहत राहिल्या. कुणी उठून गेलं नाही, कुणी बोललं नाही. लहानपणापासून ही शांतता तिच्या ओळखीची होती. माहेरच्या बैठकांत तिच्यात ती कितीदा निर्धास्त झोपी गेली होती. आज त्याच शांततेत तिला ऐकू आलं, ‘सर्वसंमतीने मंजूर.’

“असं नका बसू,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “हव का नाही, काय ते तोंडाने बोला. आत्ताच बोला.”