करंड्यातला पांढरा पतंग

कुणी क्लीनर म्हटलं तर वसुंधरा साठेला राग येत नसे. परदेशातल्या ओटाहुहूच्या त्या गोदामात ती नऊ वर्षं झाडूच मारत होती, खोटं कशाला बोला? पण "तुला काय कळतं?" हे तिला सोसायचं नाही. राहुरीला कीटकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला हे ऐकवायचं, आणि तेही त्या सुपरवायझर क्रेगनं!

परवा अमेरिकेहून आलेल्या बागेच्या खुर्च्यांच्या खोक्यात तिला एक मेलेला पतंग दिसला. बोटाच्या अर्ध्या पेराएवढं केसाळ अंग, दुधासारखे पांढरे पंख आणि पुढच्या पायांवर केशरी झाक. तिनं लगेच ओळखला. उत्तर अमेरिकेतला हा, याच्या अळ्या फांद्यांवर जाळी विणून अख्खं झाड ओरबाडतात. एक सापडला म्हणजे आणखी असणार, आणि खुर्च्या तर दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानांत निघायच्या होत्या!

पतंग ठेवायला डबी हवी होती. संध्याकाळी अवोन्डेलला हळदीकुंकू होतं, म्हणून पर्समध्ये कुंकवाचा करंडा होता. तो घाईघाईनं झटकून तिनं पतंग आत ठेवला. ही घाईच नडली.

क्रेगनं झाकण उघडलं. लालभडक पंख बघून तो खो खो हसला. "रंगवून आणलास? बिन इट! फेक कचऱ्यात!"

"पाय बघ. केशरी आहेत."

"तेही तुझ्या पावडरचंच. तुला काय कळतं?"

वसुंधरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परदेशी कीड सापडली की सरकारी खात्याला खबर देणं हे त्याचंच काम होतं. पण माल अडकला असता ना! झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कसं करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेकीचा, इराचा, चित्रांचा बारीक ब्रश घेऊन आली. चहाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत तिनं तो पंखांवरून फिरवला. ब्रश लाल झाला, पंख पांढरे निघाले. मग ब्रश धुऊन, वाळवून पायांवरून फिरवला. ब्रश कोराच राहिला आणि केशरी रंग जागचा हलला नाही.

"आता सांग, कुणाला काय कळतं?"

क्रेगनं तोंड वाकडं करत त्या सरकारी खात्याला फोन लावला. "हाय, आमच्या क्लीनरला एक किडा सापडलाय..."

वसुंधरेनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "किया ओरा," तिनं तिथल्या पद्धतीनं नमस्कार केला. "मी वसुंधरा साठे. कीटकशास्त्रज्ञ."

नऊ वर्षांत हा शब्द तिनं स्वतःसाठी पहिल्यांदाच वापरला होता. बोलणं संपल्यावर तिनं झाडू उचलला आणि तो आडवा धरून खुर्च्या न्यायला आलेल्या ट्रकच्या दारात उभी राहिली.