धूर बघून कपडे वाळत घालणारी वसाहत

रामराम मागाहून. आधी त्या बसवाल्याचं बघते. काशिमीरा नाक्यावर चढतानाच त्याला बजावलं होतं, तलासरीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरव. हो हो म्हणाला, आणि उड्डाणपुलावरून बस तशीच दामटून पार पलीकडच्या टोकाला मला सोडलं. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात उत्तनचे सुके बोंबील, आणि बाजूने ट्रक घूं घूं. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर बसायच्या आधीच विचारून घ्या, गाडी पुलाखालून जाणार की वरून.

आता रामराम.

जायचं कारण असं. माझी लेक सुनीता फोनवर "सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे" म्हणत होती. एकदा म्हणाली असती तर मानलं असतं. जावई, प्रकाशराव, पुठ्ठ्याच्या कारखान्यात आहेत. कारखान्याचं स्वतःचं कोळशावरचं छोटं वीजघर आहे, त्याच्या बॉयलरवर ते कामाला. ते वीजघर बंद करणार असं कानावर आलं होतं. नोकरी गेली की वसाहतीतली खोलीही जाणार. म्हटलं, फोनवर लेकीचं तोंड दिसत नाही. जाऊन बघून येते.

वरसाव्याच्या पुलावर नेहमीसारखे अडकलो. खाडीचा वारा आत आला आणि बोंबलांचा वास पसरला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पिशवीत काय मेलंय?"

"बोंबील. जिवंत कुठे मिळतात सुके?"

पुढचा तासभर मागचं बाकडं माझ्या एकटीचं. मनोरला बस थांबली तिथला वडा गरम होता, चहा नुसता गोड. पाणी घरून न्या. फाट्यावरून आत जायला रिक्षा मिळते, पण तो एकट्याचं भाडं सांगतो. कामगारांची पाळी सुटायच्या सुमाराला पोचलात तर वाटून जाता येतं. मला हे परत येताना कळलं.

वसाहत म्हणजे पत्र्याच्या चाळी, पुढे अंगण, अंगणात दोऱ्या, आणि सगळ्यांच्या डोक्यावर ते धुराडं. पोचल्या पोचल्या मी अंघोळ करून पांढरं लुगडं धुतलं आणि दोरीवर टाकलं. शेजारची गुड्डी, बिहारची बाई, ओट्यावरून ओरडली, "माताजी, आज उधर मत डालिए. धुआँ देखिए, हवा इधर की है."

म्हटलं, कपडे वाळत घालायला मला कोणी शिकवायचं नाही.

संध्याकाळी लुगड्यावर करड्या राखेची बारीक नक्षी. हाताने झटकली तर आणखी पसरली. गुड्डी नुसती हसली. सुनीता म्हणाली, "आई, इथे आधी वर बघायचं, मग बादली उचलायची."

दुसऱ्या दिवशी प्रकाशराव मला फाटकापर्यंत घेऊन गेले. आत सोडत नाहीत. कोळशाचे ढीग, पट्टा आणि आतली घरघर बाहेरूनच बघितली.

"वीज तर आता आकाशातून घेतात ना?" मी विचारलं. कारखान्याच्या छतावर सोलरच्या काचा चमकत होत्या.

"वीज कुठूनही येईल, आई. तारेनं येते. पण पुठ्ठा वाळवायला वाफ लागते. वाफ तारेनं येत नाही."

"मग तुम्ही घाबरता कशाला?"

"वाफेसाठी नवा बॉयलर आणणार म्हणतात. भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर चालणारा. त्याला माणसं निम्मी पुरतात."

"त्या निम्म्यात तुम्ही आहात का?"

"कळवतील."

"कोण?"

"वरून कळवतील."

तेवढ्यात त्यांचे सुपरवायझर फाटकातून बाहेर आले. मी सरळ आडवी उभी राहिले. "साहेब, हे वर म्हणजे कुठे?"

ते बिचारे टोपी काढून म्हणाले, "आजी, मलासुद्धा वरूनच येतं."

प्रकाशराव पायाकडे बघत होते. रात्री बोंबलांचं कालवण केलं. जावयाने दोनदा भात घेतला.

तिसऱ्या दिवशी उठले तर कान बधिर झाल्यासारखे वाटले. घरघर थांबली होती. बाहेर आले आणि बघतच राहिले. सगळ्या दोऱ्या भरलेल्या. पांढऱ्या चादरी, पांढरे सदरे, कोणाकोणाची तर गणपतीतली धोतरंसुद्धा. वर आभाळ स्वच्छ, धुराड्यातून काही नाही. एवढी पांढरी सकाळ त्या वसाहतीने कधी बघितली नसेल. आणि पुरुष ओट्यांवर बसलेले, आपापल्या घरच्या चादरींकडे बघत.

"बॉयलर थंड करायला लावलाय," सुनीता म्हणाली. "दुरुस्तीसाठी, असं सांगतायत."

"पुन्हा पेटणार का?"

तिने माझं लुगडं घेतलं, पुन्हा धुतलं आणि दोरीवर टाकलं. वर बघितलं नाही.

काल मी मीरा रोडला परतले. खरं सांगते, त्या धुराला मी रडणार नाही. गुड्डीचा सासरा रात्रभर खोकतो, ते भिंतीपलीकडून ऐकलंय मी. कोळसा जाईल तर जाऊ दे, त्याची वेळ झाली असेल. आमच्या सोसायटीत दारोदार सामानाचे खोके येतात, तो पुठ्ठाही अशाच कुठल्या तरी वाफेवर वाळलेला असतो, आणि आम्ही तो फाडून कचऱ्यात टाकतो. धुराशी आमचा संबंध नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण चूल विझवायची तर चुलीभोवती बसलेल्यांना आधी सांगायचं, एवढी रीत माझ्या अडाणी आईलाही माहीत होती.

लुगडं माझ्या गॅलरीत आहे. दोनदा धुऊनही पदरावर करडे डाग राहिलेत.

तर खाली कमेंटमध्ये "छान लिहिलंय आजी" लिहू नका. जावयाला कोणी विचारू नका, त्यांना माहीत नाही. सुपरवायझरला छळू नका, त्यालाही माहीत नाही. ज्याने बॉयलर थंड करायला सांगितलं, त्याने उत्तर द्यायचं. आणि कागद पाठवून नाही. माझ्या सुनीताच्या दोरीसमोर उभं राहून द्यायचं.