बंद केल्यानंतरचं इंजिन

इंजिन चालू असेपर्यंत त्याची काळजी इतरांनी करायची आणि ते बंद झालं की मी, अशी आमच्या पुण्याच्या ऑफिसात वाटणी होती. परदेशातल्या एका कंपनीच्या फार महागड्या गाडीसाठी बारा सिलिंडरचं नवं पेट्रोल इंजिन तयार होत होतं. आखणी तिकडची, आकडेमोड बरीचशी आमची. पळून आलेली गाडी उभी करून बंद केली की पाणी फिरायचं थांबतं, पंख्याची हवा थांबते, आणि टर्बोत, एक्झॉस्टच्या नळ्यांत साठलेली धग वाट मिळेल तिकडे पसरायला लागते. बॉनेटखाली सगळ्यात जास्त तापतं ते तेव्हा, गाडी गप्प उभी असताना. ती धग कुठवर जाईल, कुठली रबरी नळी, कुठली वायर, कुठला पंप तिला टिकेल, हे मी संगणकावर काढायचे.

या इंजिनात सहा-सहा सिलिंडरच्या दोन तिरप्या रांगा होत्या आणि प्रत्येक रांगेला स्वतःचा पेट्रोल पंप. उजवीकडचा पंप अगदी मागे, अडचणीत बसला होता. पंप चालताना बारीक टिकटिक करतो. साध्या गाडीत ती कुणाला ऐकूही येत नाही, पण या गाडीत मागे बसणाऱ्याला इंजिन चालू आहे की बंद हेसुद्धा कळू नये अशी मागणी होती. म्हणून आवाजाचं काम बघणाऱ्यांना त्या पंपावर फोमचं जाड टोपण हवं होतं. फोम आवाज अडवतो, तशी उष्णताही अडवतो. मी आठवडाभर हिशेब केला. पंपाला सोसेल त्या तापमानाच्या खाली चार अंशांची जागा उरत होती. मी लिहून दिलं, चालेल. त्या कागदावर सही एकट्या माझी होती.

त्यानंतर त्या चार अंशांनी मला धड बसू दिलं नाही. जेवताना मध्येच उठून मी एखादा आकडा पुन्हा बघून यायचे. आकडे बरोबर असायचे.

इंजिनाचे प्रमुख परदेशातून दोन महिन्यांतून एकदा यायचे. साठीला आलेले, कमी बोलणारे. आयुष्यभर त्यांनी अशीच मोठी इंजिनं केली होती. यानंतर बॅटरीच्या गाड्या, हे इंजिन त्यांचं शेवटचं. एका बैठकीत त्यांनी विचारलं, "उन्हाळ्याच्या चाचणीला कुठे जावं? कडक ऊन हवं, घाट हवा, ट्रकांची गर्दी हवी." मी पटकन बोलून गेले, "आमच्याकडे. बुलढाणा जिल्ह्यात."

बोलून गेल्यावर लक्षात आलं, काय बोलले ते. माझं गाव वडनेर भोलजी, महामार्गालगतचं. पण चाचणी गुप्त, घरी अवाक्षर सांगायचं नाही अशी अट. आई तिथे एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. मुलगी घराजवळून रोज ये-जा करतेय आणि आईला पत्ता नाही, असे ते आठ दिवस असणार होते.

मे महिन्यात आम्ही आलो. मी, प्रमुख आणि चाचणीची गाडी चालवणारे एक अनुभवी ड्रायव्हर, पुण्याचेच. गाडीला बाहेरून जुन्याच मॉडेलचं अंग, आत नवं इंजिन, आणि ओळखू येऊ नये म्हणून सगळीकडे काळ्यापांढऱ्या वेड्यावाकड्या पट्ट्या. मुक्काम बुलढाण्यात, वर थोडं थंड असतं म्हणून. सकाळी राजूर घाट उतरायचा, मोताळ्यावरून नांदुऱ्याकडे महामार्गाला लागायचं, दिवसभर गाडी दामटायची आणि संध्याकाळी घाट चढून परत. पहिले तीन दिवस सगळं नीट झालं. वडनेर आलं की मी मान खाली घालून लॅपटॉपमध्ये बघायचे. ड्रायव्हरना मी सांगितलं नव्हतं, तरी चौथ्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, या गावाशी तुमचं काही भांडण आहे का?"

त्याच दिवशी वडनेरच्या अलीकडे रस्त्याचं काम निघालं होतं. ट्रकांची रांग लागली. एसी पूर्ण चालू ठेवून आम्ही पाऊण तास मुंगीच्या पावलानं सरकत होतो. माझ्यासमोर पडद्यावर उजव्या पंपाचं तापमान चढत होतं. रांग सुटल्यावर प्रमुख म्हणाले, "याहून चांगली वेळ मिळणार नाही. पहिल्या ढाब्यावर थांबवा आणि बंद करा."

पहिला ढाबा माझ्याच गावाचा होता.

गाडी रस्त्याच्या कडेला, डांबरावरच उभी केली. वीस मिनिटं थांबून पुन्हा चालू करायची होती. बाहेर वाऱ्याचं नाव नव्हतं. पुढेमागे ट्रक उभे. दहा मिनिटांत पंधरावीस माणसं जमली.

"बे, हे झेब्र्यावानी काय आणलं?"

"मिलिटरीची असन."

"मिलिटरीची असती तं हिरवी नसती का?"

ढाब्याचा मालक जवळ आला, मला निरखून म्हणाला, "तू आमच्या बाईची पोरगी ना वं?" तो आईचा विद्यार्थी. मी हो-नाही काहीतरी म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. पडद्यावरची रेघ माझ्या चार अंशांच्या आत होती. मग ती त्यावर चढली. मग आणखी वर गेली. मला वाटलं, तापमान मोजणारी वायर सुटली असेल, म्हणून असं दाखवतंय.

वीस मिनिटं झाली. ड्रायव्हरनी बटण दाबलं. स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला. या गाडीत तो क्षणभरही ऐकू येऊ नये. मग इंजिनानं पेट घेतला, पण डाव्या रांगेनंच. सहा सिलिंडर चालू, सहा मेलेले. सगळी गाडी थरथरायला लागली, जुन्या ट्रॅक्टरसारखी. लोक हसले. उजव्या पंपात पेट्रोलची वाफ झाली होती. द्रव ढकलायचा पंप वाफेला काय ढकलणार!

"बंद करा," प्रमुख म्हणाले.

मी वायर बघायला खाली वाकले. गाडीच्या पोटाखाली हात घालायचा म्हणून उजवा तळवा रस्त्यावर टेकवला आणि ओरडलेच. कातडी डांबराला चिकटल्यासारखी झाली. हात काढला तेव्हा तळव्याला खडी रुतली होती आणि कडेला फोड उठत होता. वायर शाबूत होती.

मी तशीच बसून राहिले. हात दुखत होता, पण बसले त्याचं कारण वेगळं. माझ्या हिशेबात गाडीखालचा रस्ता हवेइतकाच गरम धरला होता. परदेशातून आलेल्या तक्त्यात तसं होतं, मी तसंच घेतलं. तिकडच्या माणसाला कदाचित कळणार नाही, पण मी या रस्त्यानं शाळेत गेले होते. मेमधलं डांबर हवेपेक्षा किती तापतं हे माझ्या पायांना ठाऊक होतं. ती आच खालून वर, फोमच्या टोपणात जाऊन कोंडत होती.

तेवढ्यात छत्री घेतलेली आई गर्दीतून पुढे आली. ढाबेवाल्यानं फोन केला होता.

"काऊन वं? गावात येऊन राह्यली अन् मले पत्ता नाही?"

"आई, कामाचं आहे. सांगायचं नसतं."

"हात दाखव आंधी." तिनं तळवा बघितला, ढाब्यावरून पाणी आणवलं आणि हळूहळू ओतत राहिली. प्रमुख जवळ येऊन हात जोडून उभे राहिले. आईनं त्यांना सरळ मराठीत विचारलं, "या गाडीले बारा सिलिंडर कायले पाह्यजे?" ड्रायव्हरांच्या तोंडून गर्दीत कुणीतरी ऐकलं असणार. चाचणी गुप्त, म्हणून मी घाबरले. पण प्रमुखांनी मला भाषांतर करायला लावलं आणि उत्तर दिलं, "प्रवाशाला इंजिनाचा विसर पडावा म्हणून."

मी ते आईला सांगितलं. ती बंद पडलेल्या गाडीकडे बघून म्हणाली, "मंग अजून काम बाकी हाय तुमचं."

मी तेही भाषांतर करून सांगितलं. प्रमुख हसले. मला हसू आलं नाही.

तासाभरानं, सावली आल्यावर गाडी बाराच्या बारा सिलिंडरवर चालू झाली. आईच्या घरी न जाताच मी गाडीत बसले. ती छत्री मिटून उभी होती, हात हलवला नाही.

त्याच संध्याकाळी पुण्यातल्या आणि परदेशातल्या सगळ्यांची फोनवर बैठक झाली. पंप दुसऱ्या एका छोट्या कंपनीकडून घेतलेला होता. तिथला एक तरुण इंजिनियर बैठकीत होता. आमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, "पंपातच दोष असणार. उष्णतेचा हिशेब तर झालेला आहे." सगळे माझ्या उत्तरासाठी थांबले. मी म्हणाले, "हिशेब झालेला आहे." तेवढंच. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या तरुणानं नरमाईनं सांगितलं, "आम्ही सगळे पंप उघडून बघतो."

पुढचे तीन दिवस मी नीट बसले नाही. चाचणी थांबवून आम्ही तिघं पुण्याला परतलो. माझ्या हाताला पट्टी, माऊस डाव्या हातानं. मी रस्त्याचं तापमान बदलून हिशेब पुन्हा लावला. उत्तर यायला कित्येक तास लागायचे. तोवर मी ऑफिसच्या जिन्यात वरखाली करायचे. पहिलं उत्तर आलं, मर्यादा ओलांडलेली. मी ते पुसलं आणि पुन्हा लावलं. वाटलं, वारा थोडा जास्त धरला तर? वारा जास्त धरायला कारण नव्हतं. तिकडे पंपाच्या कंपनीतली माणसं रोज कळवत होती, आज इतके पंप उघडले, दोष नाही. उद्या उरलेले उघडू. आईचा फोन आला, मी घेतला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी प्रमुखांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. "चूक पंपात नाही. माझ्याकडे आहे. रस्ता मी थंड धरला."

त्यांनी कागद बघितले. "हे कधी कळलं?"

"तिथेच. हात भाजला तेव्हा."

"म्हणजे चार दिवस." त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा लाल झाला. "चूक मी समजू शकतो. तक्ता आमच्याकडूनच आला होता. पण चार दिवस तो मुलगा पंप फोडत बसलाय."

त्यांनी मला तिथेच बसवून त्या कंपनीला पत्र लिहायला लावलं. डाव्या हाताच्या एका बोटानं मी ते लिहिलं. काय चुकलं, कधी कळलं, का सांगितलं नाही. शेवटचं वाक्य तीनदा पुसलं. शेवटी लिहिलं, भीती वाटली म्हणून. त्या तरुणाचं उत्तर दुपारी आलं. आभार नाहीत, राग नाही. फक्त, पुढच्या वेळी रस्त्याचं तापमान आम्हालाही कळवा, आम्हीही ते धरलेलं नाही.

मला काढलं नाही. पण सहीचा अधिकार वर्षभरासाठी गेला. माझा प्रत्येक हिशेब दुसरं कुणीतरी तपासायचं, आणि तो माणूस माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान होता. सगळं काम तीन महिने मागे पडलं. फोमचं टोपण गेलं. त्याजागी खालून येणारी धग परतवणारा पातळ पत्रा आणि गाडी बंद झाल्यावरही थोडा वेळ फिरत ठेवलेल्या पंख्याची हवा पंपापर्यंत नेणारी एक चपटी नळी आली. आवाजाचे लोक हुज्जत घालत होते, टिकटिक ऐकू येते म्हणून. त्यांच्याशी दोन महिने भांडून ती नळी मी चार वेळा बदलली.

दिवाळीला घरी गेले. आईनं तो विषय काढला नाही. मीच सगळं सांगितलं, चार दिवसांसकट. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "वर्गात अशे पोरं राह्यत. चुकते, मंग पाटी लपवते. त्याइले मी मारत नव्हती. पाटी घेऊन उभं करत होती." मग म्हणाली, "फोन घेत जाय पण."

दुसऱ्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर गेली. मला नेलं नाही. मी पुण्यात, जिन्यात. दुपारी ड्रायव्हरांचा फोन आला. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते. "मॅडम, वीस मिनिटं झाली. दाबू का?" त्यांनी दाबलं. मला काहीच ऐकू आलं नाही. मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "चालू आहे की!" मी पायरीवर बसले. कितीतरी दिवसांनी अशी बसले असेन. पाचच मिनिटं. वर मेल येऊन पडला होता, घाट उतरताना तेलाला फेस येतोय, बघा.

इंजिन पास व्हायला आणखी एक वर्ष गेलं. प्रमुख निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला सहीचा अधिकार परत मिळवून दिला, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तयार गाडीत मी आजवर बसलेले नाही. कारखान्यातून आलेला इंजिनाचा एक फोटो तेवढा माझ्या फोनमध्ये आहे. मी तो आईला दाखवला. वर चकचकीत चंदेरी झाकण, बाकी काही नाही.

"तुहं यात कोणतं?"

"झाकणाखाली, मागे. दिसत नाही."

तिनं चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करत करत उजवीकडच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे काळोख होता. ती तिथेच बघत राहिली. मी उठून पाणी प्यायले, परत आले, तरी बघत होती.