एक डिस्क की दोन चिपा

डिस्क मी निवडली होती. घरात कोणी मला ते तोंडावर म्हणत नाही, म्हणून मीच आधी सांगते.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. माझी धाकटी मुलगी खारबावच्या बाजूला हळदी-लग्नांचे फोटो काढायची. हळदीच्या मांडवात बायका पुरुष फोटोग्राफरपुढे अवघडतात, हिच्यापुढे मोकळ्या हसायच्या. म्हणून तिला कामं बरी मिळत. टोमणेही मिळत. "दुसऱ्यांच्या हळदीला फिरतेस, तुझी कवा गो?" ती म्हणायची, "माझ्या हळदीचं फोटू मंग कोन काढंल?"

तिने रीळवाला कॅमेरा सोडून डिजिटल घेतला, आणि त्यात फोटो साठवायला लागतं ते आणायला आम्ही दोघी भिवंडीत गेलो. दुकानदाराने काचेवर दोन वस्तू ठेवल्या. दोन्ही काडेपेटीपेक्षा लहान, दिसायला बहिणी-बहिणी. एकीत म्हणे छोटी हार्ड डिस्क होती, आत चकती फिरते. दुसरी नुसती चिप, आत काहीच हलत नाही. एका डिस्कच्या पैशात दोन चिपा येत होत्या, पण त्या दोन्हींत मिळून डिस्कच्या निम्मेच फोटो मावत होते.

पोरीचं मन चिपांवर होतं. "आये, दोन असल्या तं एक बिघडली तरी दुसरी ऱ्हाते."

मी दुकानदाराला म्हटलं, दोन्ही चालवून दाखव. त्याने चिप कॅमेऱ्यात घातली. मी कॅमेरा कानाला लावला. काही नाही. मग डिस्क घातली. आत बारीक घरघर सुरू झाली. घरामागच्या शेडमध्ये आमचे चार लूम होते आणि त्यांच्यासाठी सुताच्या कांड्या भरण्यात माझी तीस वर्षं गेली. आवाज आहे तोवर कापड निघतं. आवाज थांबला की धागा तुटला नाहीतर लाईट गेली, उठून बघायचं. यंत्रातलं मला एवढंच कळत होतं.

"हीच घे," मी म्हटलं. "ही काम करते. ती नुसती बसून हाय."

दुकानदार हसला. "अम्मा, जो बैठा है उसको कुछ नहीं होता. ये गिरा तो गया."

"आमी काय पाडाला घेतो काय?"

पोरीने डिस्क घेतली.

वर्षभराने नवऱ्याची छाती खराब झाली. चाळीस वर्षांची रुईची धूळ आत गेलेली. डॉक्टरने काय सांगायचं ते सांगितलं, आणि त्या दिवसापासून पोरगी बापाचे फोटो काढायला लागली. त्याला फोटोचा कंटाळा होता. लग्नातला एक होता, तो वाळवीने खाल्ला. नंतर कॅमेरा दिसला की तो उठून जायचा. पोरीपुढे मात्र बसला. शेडमध्ये बंद लूमवर हात ठेवून, खाडीकडच्या बांधावर, ताटात सुकट निवडताना.

"माझं दात दिसतील," तो म्हणायचा.

"हायेत किती ते दिसाला?"

मग तो हसायचा, आणि ती तेवढ्यात बटण दाबायची. मागच्या छोट्या पडद्यावर स्वतःला बघून एकदा म्हणाला, "हा तं माझा बा हाय."

डिस्कमध्ये जागा भरपूर, त्यामुळे फोटो उतरवून घ्यायची घाई नव्हती. लग्नांचे ती वेळच्या वेळी कॉम्प्युटरवर घ्यायची, कारण ते गिऱ्हाइकाचे. बापाचे तिथेच राहिले. चिपा असत्या तर दर आठवड्याला रिकाम्या कराव्या लागल्या असत्या.

तो गेला. सुतकात कामं बंद, म्हणून डिस्क डबीत घालून कपाटात ठेवली होती. बाराव्याला ठेवायला फोटो मोठा करून आणायचा होता. पोरगी दारात चपला घालून उभी होती. "आये, कपाटातली डबी दे गो." डिस्क आत आहे की नाही ते बघायला मी डबी उघडली, आणि डिस्क हातातून निसटली. कमरेएवढ्या उंचीवरून लादीवर पडली. उचलली तर साधा ओरखडाही नव्हता.

तिने ती कॅमेऱ्यात घातली. टिक, टिक, टिक. पडद्यावर काही येईना.

"आवाज येतो ना? मंग चालते," मी म्हटलं.

तिने कॅमेरा बंद केला. आम्ही त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने कान लावला आणि मान हलवली. "यही आवाज तो खराबी है, अम्मा. अंदर टकरा रहा है."

"चिप असती तं?"

त्याने आधी पोरीकडे पाहिलं. "चिप गिरती तो उठा के फिर लगा लेते."

मुंबईला कोणाकडे तरी उघडून बघायला पाठवली. तशीच परत आली.

बाराव्याला मतदार कार्डावरचा फोटो मोठा करून ठेवला. डोळे अर्धे मिटलेले, गालावर कार्डाच्या चमकत्या शिक्क्याची कड, बाकी सगळं धुरकट. मानकोलीहून आलेल्या माझ्या नणंदेने हात जोडले, मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "वयनी, हा कोनाचा फोटू ठेवलाव?"

"तुझ्या भावाचा."

ती तिथेच खाली बसली. तोवर ती रडली नव्हती.

पुढे पोरीने दोन चिपा घेतल्या. मला दाखवल्या नाहीत, मीही विचारलं नाही. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना एकदम म्हणाली, "मीच उतरवून ठेवाला पायजे होतं, आये."

"निवडली मी, पाडली मी. तू गप."

तिने पुढची घडी घातली. त्यावर आमचं पुन्हा बोलणं झालं नाही.

ते फोटो मी सगळे एकेकदा त्या छोट्या पडद्यावर पाहिले होते. आता आठवायला बसले की शेड आठवते, सुकटीचं ताट आठवतं, त्याच्या बनियनचं खांद्यावरचं भोक आठवतं. तोंडाच्या जागी मात्र तो कार्डावरचा माणूस येतो.