भारी धानाचं शेवटचं पाणी

आमच्या गावात तलावाचं पाणी प्रत्येकाच्या शेतात वेगळं जात नाही. ते एका बांधीतून, म्हणजे भाताच्या खाचरातून, दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं उतरत येतं. आमची बांधी सगळ्यात शेवटी, खोलगट जागी. वरच्यांच्या मर्जीशिवाय आमच्या धानाला घोटभर पाणी मिळत नाही, आणि लग्न होऊन आल्यापासून मला ही गोष्ट कधीच आवडली नाही.

पाऊस लहरी झाला तसा वरच्या शेतकऱ्यांनी हळूहळू हलका धान धरला, लवकर पिकणारा. आम्ही मात्र उशिरा पिकणारा भारीच लावत राहिलो, कारण आमच्या बांधीत हलका धान पाण्यात उभा असतानाच पिकतो आणि कापताना चिखलात लोळतो. वरचे एक लावतात, खालचे दुसरं, आणि पाणी मात्र एकच. हे असं चालणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं, पण आधी बोलायचं कोणी?

मग एका वर्षी दसऱ्याआधीच पाऊस गेला. दिवाळी तोंडावर आली तेव्हा वरच्यांचा धान कापून झालेला, त्याच्या कडपा बांध्यांत वाळत पडलेल्या. आमचा ऐन लोंबीवर, एका पाण्यासाठी अडलेला. पाणी सोडावं तर त्यांच्या कडपा भिजणार. न सोडावं तर आमचं वर्षाचं खाणं जाणार.

तलावाच्या पाळीवर बैठक बसली. नवरा चिखला गावच्या मँगनीज खाणीत कामाला गेलेला, म्हणून मी गेले. "रागावजो नोको," असं सासूबाईंनी निघताना बजावलं होतं. त्यांना माझा स्वभाव ठाऊक.

सगळ्यात वरच्या बांधीवाले काका म्हणाले, "पाऊस पयल्यासारखा नाही रायला, दिसते न तुले? मंग भारी धान काहून लावता?"

"बांधी खोल हाय, काका. हलका लावून चिखलात कापू का?"

"आमी बदललो. तुमी बी बदला."

"तुमची जागा उंच हाय. तुमाले सोपं होतं."

बोलणं तिथेच अडलं. टीव्हीवर हवामानासाठी जमलेले देशोदेशीचे लोक दिसतात तेव्हा मला ती बैठक आठवते. आधी कोणी सोसायचं, यावर तिथेही गाडी अडते म्हणे. त्यांना निदान दुसऱ्या दिवशी एकाच विहिरीवर पाणी भरायचं नसतं. आम्हाला भरायचं होतं.

शेवटी ठरलं ते असं. कडपा सगळ्यांनी मिळून बांध्यांमधल्या उंच धुऱ्यावर उचलून ठेवायच्या आणि पाणी खाली जाऊ द्यायचं. पण पुढच्या वर्षापासून गावात भारी धान कोणीच लावायचा नाही. मी हात वर केला. केला नसता तर पाणी आलं नसतं. निर्णय चुकला असंही मला म्हणता येत नाही. राग एवढाच आहे की बरोबर निर्णयाचं ओझंही उताराने खालीच आलं.

दुसऱ्या दिवशी काका आमच्याआधी बांधीत उतरून कडपा उचलत होते. पाणी आलं, धान भरला.

मळणीनंतर सासूबाई नेहमीसारख्या बियाणं काढायला बसल्या. हा वाण त्यांना त्यांच्या सासूकडून आलेला. बैठकीतलं सगळं मी त्यांना सांगितलं होतं, तरी हात सवयीने चालत होते. मग थांबले. समोरचं सूप त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

"बाई, हा बियाचा धान गिरणीवर ने."

"थोडा ठेवू न, आई."

"ठेवून कुठी पेरशीन?"

मला रडू आलं, त्यांना आलं नाही. शेतकऱ्याच्या घरी बियाणं कधी शिजवत नाहीत. आम्ही ते शिजवलं, आणि सासूबाईंनी सगळ्यांना पोटभर वाढलं.