शिरीषने डोळे पुसले तेव्हा

कॉलेजातल्या दोन मित्रमैत्रिणींच्या न बोललेल्या प्रेमावरचा सिनेमा बघायला शिरीष आणि मी गेलो होतो. आम्हीही एकाच वर्गातले, आता दोघांची पन्नाशी उलटलेली. पडद्यावरची मुलगी काही न सांगता निरोप घेऊन निघाली आणि शेजारी शिरीषने चष्मा काढून डोळे पुसले.

तीन वर्षं मी वर्गात याच्यासाठी जागा धरून ठेवायचे, पण मनातलं एक अक्षर बोलले नव्हते. न बोललेलं प्रेमही कुठेतरी पोचतच असतं, असं हे सिनेमे आपल्याला पटवतात. थिएटरच्या अंधारात ते खरं वाटतं. मलाही वाटलं.

बाहेर चहा घेताना मी विचारलं, "एवढं कोण आठवलं रे?"

"अलका," तो म्हणाला. अलका म्हणजे माझी होस्टेलमधली मैत्रीण. "तिला सांगायचं राहूनच गेलं. तुझं बरं होतं बघ. तुला असलं काही कधी झालंच नाही."

त्याच्या आवाजात खराखुरा हेवा होता.

"नाही झालं," मी म्हणाले आणि अलकाचा नंबर हवा आहे का, असं त्याला विचारलं.